टेकडीवरून उतरलेलं घर

६ ऑगस्ट १८९९, रविवार

उद्या डाकोटाला गव्हाच्या कापणीवर निघायचं आहे, म्हणून आज बसून नीट लिहितो.

ही वही मी इथलं पहिलं झाड पाडलं त्या दिवशी सुरू केली. अमेरिकेतल्या या कुइक्का तळ्याच्या रानात पुढेमागे गाव होणार, शाळा होणार, चर्च होणार, आणि मग लोक विचारणार की इथे पहिलं घर कोणी बांधलं? याल्मारी हाकोलाने बांधलं. हे कुठेतरी लिहिलेलं असावं, कारण शेजारी ते सांगतील यावर माझा काडीचा भरवसा नाही.

घर टेकडीवर आहे. मुद्दाम टेकडीवर आहे. माझ्यामागून जे जे आले, सगळी आपली फिनलंडचीच माणसं, त्या सगळ्यांनी खाली तळ्याला चिकटून घरं घातली. पहिल्याने घातलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्याने घातलं तेव्हा राग आला. आता मी नुसता थक्क होऊन बघतो. पिकावर पडणारं हिव आधी खोलगट जागी उतरतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सप्टेंबरात यांचे बटाटे काळे पडतील आणि माझे हिरवेगार राहतील. मग येतील धापा टाकत वर.

घराबद्दल काय लिहू? ओंडके पाइनचे, दोन्ही अंगांनी तासलेले, सांध्यांत शेवाळ ठासलेलं. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला कुऱ्हाडीने खूण कोरली आहे, भिंत कोणती आणि थर कितवा. आपल्याकडे खुणेशिवाय घर बांधत नाहीत. घर म्हणजे काही झाड नव्हे रुजून राहायला. विकतात, लेकीला देतात, उतरवून नदीपार नेतात. माझ्या वडिलांचं घर तीन गावं फिरलं. मी खुणा इतक्या रेखीव कोरल्या की खालचा सुतार कुस्तासुद्धा बघत राहिला, आणि कुस्ता स्वतःखेरीज कोणाची कुऱ्हाड मानत नाही.

एकाच गोष्टीवरून सगळे मला नावं ठेवतात. "सौना नाही आणि घर बांधून बसला!" रानात आलेला माणूस आधी सौना बांधतो, लहानशी वाफेची न्हाणी. तिच्यातच राहतो, तिच्यातच अंग धुतो, बायका तिच्यातच बाळंत होतात. घर मागून सवडीने. मी उलटं केलं. सौनाला पाणी लागतं आणि टेकडीवर पाणी नाही. दोन जागी विहीर खणली, दोन्हीकडे खडक लागला. डाकोटाहून येताना सुरुंगाची दारू आणणार आहे. मग बघू खडक काय म्हणतो.

तोवर लोव्हिसा तळ्यावरून कावडीने पाणी आणते. मी खाली जात नाही. वरची कामंच इतकी असतात. शनिवारी ती खाली कोणाच्या तरी सौनात न्हाऊन येते, मी वर टबात भागवतो.

तिला दिवस गेलेत. सप्टेंबर संपता संपता होईल असं अमांडाआजी म्हणते. आजी इथली सुईण, आणि इथे कोणी न विचारता बोलायची जबाबदारीही तिचीच. आज जेवताना लोव्हिसा म्हणाली, "बाळ यायच्या आत पाणी दाराशी आलं पाहिजे, याल्मारी."

"येईल की. दारू आणतोय ना."

"नाही आलं तर मी भावाकडे खाणीवर जाईन. आणि गेले तर परत येईन असं धरून चालू नकोस."

अकरा वर्षांच्या संसारात ही बाई अशी बोलली नव्हती. मी म्हटलं, "अगं, हवा बघ इथली! नजर कुठवर जाते बघ!" तर म्हणाली, "नजर पिता येत नाही." आणि भांडी उचलली.

गरोदर बायकांचं असं होतं म्हणतात.

२० ऑगस्ट, डाकोटा

इथे झाड नाही. एकही नाही. लोक मातीच्या ढेकळांची घरं करून राहतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. पिण्याचं पाणी गाडीतून येतं, तेही कोमट. आज एकाने विचारलं, तुझं घर कुठे? मी सांगितलं, टेकडीवर, सगळं रान दिसतं. तो म्हणाला, "विहीर किती खोल?" जो तो पाण्याचंच विचारतो. हाताला फोड आलेत, जास्त लिहवत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

घर नाही.

हे लिहून जरा वेळ तसाच बसलो. आता परत लिहितो. सुरुंगाची दारू पाठीवर घेऊन दुपारी टेकडी चढलो आणि टेकडीवर घर नाही.

आधी वाटलं वाट चुकलो. वाट माझीच, मीच पाडलेली. खडक लागलेले दोन्ही खड्डे जागच्या जागी. बटाट्याचे वाफे हिरवेगार. कोपऱ्यांचे चार दगड आहेत, त्यांच्यामध्ये पिवळं पडलेलं गवत, चुलीची फुटकी माती, इकडेतिकडे शेवाळाचे झुपके. त्या चार दगडांच्या मधे काहीच नाही. मी त्यांच्यामधे उभा राहिलो आणि माझ्या घरात वारा लागत होता.

आग म्हणावी तर राख नाही. वादळ म्हणावं तर झाडं उभी. चोर म्हणावा तर घर चोरून नेणारा चोर कोणी ऐकला आहे? "लोव्हिसा!" म्हणून हाका मारल्या. माझाच आवाज मला घाबरवायला लागला. तोंडचं पाणी पळालं. मग आठवलं, पाणी दाराशी आलं पाहिजे म्हणाली होती. गेली भावाकडे. पण मग ती घर घेऊन कशी जाईल?

तळ्याकडे मी सहसा बघत नाही. आज सगळीकडे बघून झाल्यावर तेवढीच बाजू उरली होती. खाली किनाऱ्याला, कुस्ताच्या घराच्या अलीकडे, एक घर होतं. जाताना तिथे झुडपं होती. ते घर मी ओळखलं. आपलं पोर कोणाच्या अंगणात बसलेलं दिसावं तसं लगेच ओळखलं. त्याच्या धुराड्यातून धूर येत होता.

आज तळघरात झोपतो. बटाट्यांसाठी खणलं होतं. ते मात्र त्यांना नेता आलं नाही.

१५ सप्टेंबर

सकाळी कुस्ता वर आला. हातात कॉफीची किटली. तळघराच्या तोंडाशी बसला आणि म्हणाला, "काय धनी, नवीन घर लहान नाही ना पडत?"

मी विचारलं, "माझं घर कोणी नेलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"सगळ्यांनी. एका माणसाने घर उचललेलं पाहिलंयस कधी? हाक घातली, माणसं जमली, बायकांनी खीर शिजवली. छप्पर उतरवलं, ओंडके उतरवले, बैलांनी खाली ओढले, परत चढवले. तुझ्या खुणा होत्या म्हणून बरं. इतक्या रेखीव खुणा की आंधळ्यानेही घर बरोबर जुळवलं असतं."

मी रात्रंदिवस बसून या खुणा कोरल्या, आणि त्या वाचून लोकांनी माझं घर उचलून नेलं!

"वायव्येच्या कोपऱ्यातला चौथा ओंडका हलत होता," कुस्ता म्हणाला. "तो मी नीट केला."

"माझा ओंडका हलत होता?"

"थोडा."

"कुस्ता, तू माझं घर चोरलंस आणि वर मला ओंडका शिकवतोस?"

"चोरलं कशाला म्हणतोस? घरात तुझी बायको आहे. तिनेच सांगितलं कुठे ठेवायचं, दार कुठे, खिडकी कुठे. बोट दाखवून उभी होती."

लोव्हिसाने सांगितलं. माझी बायको मी परमुलखात असताना माझं घर काढायला लावते आणि ते कुठे ठेवायचं ते बोटाने दाखवते!

कुस्ता कॉफी ओतत म्हणाला, "ती भावाकडेच निघाली होती बरं. गाठोडं बांधलं होतं. आम्हीच अडवली. म्हटलं, बाई, माणूस जाण्यापेक्षा घर हलवणं सोपं. आणि तुला गाव घराभोवती हवं होतं ना? आता आहे. सगळ्यांत मोठी खोली तुझीच, म्हणून थंडीत शाळाही तिथेच भरवायचं ठरलंय."

"मला विचारल्याशिवाय?"

"चल खाली, विचारतो."

मी म्हटलं, माझं घर टेकडीवर आहे. कुस्ता आजूबाजूला बघून म्हणाला, "कुठंय?" मग त्याला माझी दया आली असावी, कारण हलक्या आवाजात म्हणाला, "ये रे. पाणी काही चावत नाही."

मी उठून तळघरात गेलो आणि दार ओढून घेतलं. किटली तो तिथेच ठेवून गेला. कॉफी चांगली होती, हे लिहायला नको पण लिहितो.

१७ सप्टेंबर, रविवार

हिव पडलं! पहाटे सगळं पांढरं. उजाडल्यावर कड्यावर जाऊन खाली पाहिलं. त्यांचे बटाटे काळेठिक्कर पडलेत, कुस्ताचे तर उकडल्यासारखे आडवे. माझे? एक पान वाकडं नाही! दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होतो. आनंदाने मला हसू आवरेना. हसत हसत मागे वळलो, सांगायला. मागे कोणी नव्हतं.

तेवढ्यात अमांडाआजी वर आली. ह्या वयात ती टेकडी चढून आली म्हणजे पराभव कबूल करायलाच आली असणार, असं मला वाटलं. तिच्या हातात काळा पाव आणि विरजलेलं दूध. धाप लागली होती.

मी म्हटलं, "पाहिलंत आजी? माझे बटाटे जगले!"

"पाहिलं," ती म्हणाली. "बटाटे जगले. बायको मरत होती."

मला वाटलं, नेहमीची लावून बोलण्याची सवय. म्हटलं, काय झालं तिला?

"तू गेल्यावर चार दिवसांनी वाटेत पडली. कावडीसकट. दोन्ही बादल्या भरलेल्या. खडकाच्या वळणावर. माझी गाय सुटली नसती तर मी त्या वाटेने गेलेच नसते. कपडे रक्ताने भिजले होते, याल्मारी. तिथेच उताणी पडून आकाशाकडे बघत होती. मी म्हटलं, बाई, हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, हाक वरच्या घरात पोचते, आणि वरच्या घरात कोणी नाही."

मी विचारलं, "आणि बाळ?"

"आहे. माझ्या हातचं नाही ते, देवाच्या हातचं आहे. तिला उठायची बंदी केली. पण वर राहायचं तर पाणी कोण आणणार? तू विहिरी खणतोस खडकात."

"मला का नाही कळवलं?"

"कुठे कळवू? डाकोटा केवढं आहे माहीत आहे का तुला? मला नाही माहीत."

पाव माझ्या मांडीवर ठेवून ती उठली. जाताना म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही असंच डोकं होतं. एकदा झाड अंगावर येताना दिसलं तरी सरकला नाही, म्हणे झाड तिकडे पडायला हवं."

मी इथे बसून आहे. पाव खाल्लेला नाही.

१८ सप्टेंबर

खडकाच्या वळणावर जाऊन आलो. तिथे काही नाही, पाऊस होऊन गेला असेल. मी का गेलो ते सांगता येत नाही. मला वाटत होतं काहीतरी दिसेल.

ज्या वाटेवर ती पडली ती वाट मी पाडली. ती वाट सोपी आहे, असं मी लोकांना सांगत असे. उतरताना सोपी आहे खरी.

१९ सप्टेंबर

कुस्ताच्या 'पाणी काही चावत नाही' या वाक्यावर मी दार का ओढलं हे लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणाला सांगण्यापेक्षा इथे बरं.

आम्हाला मुलगा होता. वेइक्को. तिकडे, गावी. लोव्हिसाच्या वडिलांबरोबर वसंतात गोठलेल्या तळ्यावर जाळं ओढायला गेला आणि बर्फ फुटला. म्हातारा वाचला. मी तेव्हा दूर रानात होतो. दोन दिवस आम्ही लांब काठ्यांनी पाणी ढवळून शोधलं. बाकीचे होडीत होते, मी एकटा काठाशी, बर्फाच्या कडेने. माझ्या काठीला तो लागला. दुसऱ्या कोणाच्या काठीला लागला असता तरी चाललं असतं, पण माझ्या काठीला लागला. हाताला जे कळलं ते अजून हातात आहे.

लोव्हिसाने त्याला सौनात न्हाऊ घातलं. मी बाहेर उभा होतो. त्यानंतर त्याबद्दल आम्ही बोललो नाही. मी म्हटलं अमेरिकेला जाऊ, ती बरं म्हणाली. इथे आलो, जमीन मिळाली, जमिनीला तळं होतं. मी म्हटलं, टेकडीवर हिव पडत नाही. ती तेव्हाही बरं म्हणाली.

हिव पडत नाही हे खरंच आहे.

आज कड्यावरून पाहिलं तर त्यांनी खिडकी तळ्याच्या बाजूला लावली आहे. म्हणजे लोव्हिसाने बोट दाखवून लावून घेतली आहे. दार आणि खिडकी दोन्ही पाण्याकडे. दिवसभर तिकडे बघत बसायचं? तिला ते बघवतं तरी कसं? आईचं काळीज म्हणतात ते हेच का?

२१ सप्टेंबर

आज उतरलो. झाडीतून, पाठीमागून. घराच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलो. भिंतीला हात लावला. माझ्या खुणा तशाच. चौथा ओंडका हलवून पाहिला, हलत नाही. कुस्ता खोटं बोलला की त्याने खरंच नीट केला, आता कोण सांगणार?

लोव्हिसा आडोशाला कपडे वाळत घालत होती, आजीने मनाई केलेली असताना. पोट पुढे, हात वर. मला पाहून दचकली नाही. मला वाटतं तिने मला आधीच पाहिलं होतं.

"आलास," म्हणाली.

"तू पडलीस ते मला कोणी सांगितलं नाही."

"आता सांगितलं ना."

"लोव्हिसा, तू माझं घर हलवलंस."

"हो. तू खडक हलवणार होतास. मी म्हटलं, त्यापेक्षा घर हलकं."

मला फार बोलायचं होतं. डाकोटाहून येताना वाटेत मनात सगळं मांडून ठेवलं होतं, पण ते टेकडीवरच्या घरासाठी मांडलं होतं. ती म्हणाली, "आत ये. कॉफी टाकते."

मी म्हटलं, येतो. आणि मागची भिंत चाचपत राहिलो. दार त्या बाजूला. तळ्याकडून. घराला वळसा घातला की पाणी थेट पायाशी येतं. कोपऱ्यापर्यंत गेलो. कोपऱ्यावरून पाण्याचा आवाज ऐकू आला, ओंडक्यांच्या घाटावर लागत होतं, चुळुक चुळुक. माझे पाय तिथून पुढे जाईनात. काय सांगू, मोठा बाप्या माणूस मी, अस्वलाला कुऱ्हाडीने पळवलेला.

लोव्हिसाने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "बरं."

आजवर तिचं 'बरं' मला नेहमी होकारच वाटत आलं. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. तो होकार नव्हता. मी परत वर आलो.

२४ सप्टेंबर, रविवार

कसंही लिहितो, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी कड्यावर होतो. कुस्ताच्या सौनातून धूर निघाला. रविवारी सकाळी कोणी सौना तापवत नाही. मग दोन बायका लोव्हिसाला धरून नेताना दिसल्या. पावलागणिक थांबत होत्या. पुरुष सगळे शाळेसाठी बाकांची लाकडं आणायला रानात गेलेले, घाटावर एक कुत्रं आणि एक होडी.

मी कसा उतरलो ते सांगता येणार नाही. वाट सोडून उतरलो, अंगभर ओरखडे आहेत. सौनाच्या मागे येऊन उभा राहिलो आणि आत लोव्हिसाचा आवाज. मी दोनदा तो आवाज ऐकला आहे. एकदा वेइक्को झाला तेव्हा. एकदा तो गेला तेव्हा.

अमांडाआजी दारात आली. बाह्या वर, चेहरा लाल. मला पाहिलं आणि तिला काही म्हणजे काही आश्चर्य वाटलं नाही. दोन रिकाम्या बादल्या माझ्या अंगावर ढकलल्या.

"पाणी."

"आजी, मी..."

"आतलं संपलं. मला तिला सोडून जाता येत नाही, ह्या पोरी तिला धरून आहेत. मूल आडवं आहे, याल्मारी. मला पाणी पाहिजे, आणि इथे दुसरा कोणी नाही. तू आहेस. बघत काय उभा?"

आणि दार लावून घेतलं.

घाट म्हणजे तीन ओंडके आणि त्यांवर फळ्या. फळ्यांमधून पाणी दिसतं. मी उभ्याने जाऊ शकलो नाही. गुडघ्यांवर गेलो, कोणी पाहिलं असतं तर गावभर हसले असते. टोकाशी गेल्यावर बादली पाण्यात टाकली आणि तिला वजन आलं. कडीतून हाताला ते वजन लागलं. मी बादली सोडून दिली. बादली बुडायला लागली तेव्हा आतून परत लोव्हिसा ओरडली, आणि मी कोपरापर्यंत हात घालून ती धरली. पाणी फार थंड होतं. पाणीच होतं.

आणेपर्यंत अर्धं सांडलं. आजीने दार उघडून बादलीत पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच? परत जा."

परत गेलो. परत आलो. ती पाणी घेई आणि बादल्या बाहेर ठेवी, एक शब्द बोलत नसे. दुपारपर्यंत मी चालत जायला लागलो होतो. आतून लोव्हिसाने विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "पाणी कोण आणतंय?" आजी म्हणाली, "आहे एक वरचा. जोर लाव."

मग लोव्हिसा हसली की रडली ते भिंतीपलीकडून कळलं नाही. पण त्यानंतर तिने जोर लावला. उन्हं कलली तेव्हा एक तिसराच आवाज आला. बारीक, चिडलेला.

मी घाटावरच खाली बसलो. पाय पाण्यात गेले ते मला मागाहून कळलं.

मुलगी आहे. दोघी आहेत. आई नि लेक, दोघी आहेत असं परत लिहितो.

२५ सप्टेंबर

घरात झोपलो. माझ्याच घरात मला कुठे काय ते सापडत नाही. कुस्ताने येऊन पोरीला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या लबाडाने टोपी काढून म्हटलं, "या गावात नवीन आलात? कुठून?" मी त्याला म्हटलं, तुझे बटाटे गेले, माझ्या वाफ्यांतले खणून घेऊन जा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

२७ सप्टेंबर

आज लोव्हिसा उशीला टेकून बसली होती, पोर अंगावर. मी खिडकीशी. दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं कामाशिवाय एका खोलीत बसलो होतो.

मी विचारलं, "खिडकी का लावलीस इकडे?"

ती म्हणाली, "कोणी काठावर गेलं तर चुलीपाशी उभं राहून दिसावं म्हणून."

काय काय समजून बसलो होतो मी!

मग म्हणाली, "हे ते तळं नाही, याल्मारी."

"माहीत आहे."

"आता माहीत आहे. इतके दिवस नव्हतं." पोरीचं तोंड पुसत ती पुढे म्हणाली, "मी पण त्याची आई होते. मला कधी विचारलंस का, मला पाण्याकडे बघवतं का? मी रोज दोनदा जायचे. पहिल्या दिवशी मी काठावर उलटी केली. दुसऱ्या दिवशीही. मग पाणी भरायचं होतं म्हणून भरलं."

मी तिचा हात धरला. दोन वर्षं तिच्या खांद्यावर कावडीचा घट्टा मी पाहत होतो आणि तो कामाचा समजत होतो. मी रडलो. लाज वाटत नाही लिहायला. ती रडली नाही, तिचं आधीच झालं होतं, त्या वाटेवर, एकटीने.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "एक सांगू? हिला पोहायला शिकवायचं. तळ्याकाठी वाढणार ही. चालायला लागली की लगेच. तू शिकवायचंस."

मी "नाही" म्हणालो. तोंडातून आपोआप गेलं. ती 'बरं'सुद्धा म्हणाली नाही. पोर दूध पीत होती. बाहेर घाटावर कोणीतरी होडी बांधत होतं.

मग मी म्हणालो, "मला स्वतःलाच येत नाही, लोव्हिसा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तोंड उघडं. अकरा वर्षांत हे तिला माहीत नव्हतं. बर्फाच्या कडेने मी एकटाच का चालत होतो आणि बाकीचे होडीत का होते, हे तिला आत्ता, या खोलीत, पोर अंगावर असताना कळलं. पोरीला उचलून माझ्या हातात दिलं, आणि माझा तो हात तिच्या पाठीखाली नीट बसवला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की आधी मला शिकावं लागेल. कुस्ताला येतं. उद्याच विचारतो. तो पोट धरून हसेल, आणि गावभर सांगेल. सांगू दे.